परसांतील कोंबड्याचें दुखणें

कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं, ही म्हण मराठी घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. पण एखाद्या दिवशीं तांबडें फुटतें, आळींतले कोंबडे एकामागून एक आरवतात, आणि घरच्या परसांतला कोंबडा मात्र गप्प राहतो. खुराड्याचें दार उघडलें तरी तो उडी मारून बाहेर येत नाहीं. पिसें फुगवून, मान आंत ओढून कोपऱ्यांत उभा असतो. घरांत लगेच दोन मतें पडतात. एक म्हणतो, "आजच्या आज बाजारीं नेऊन विका, उद्यां हाताला कांहीं लागणार नाहीं." दुसरा म्हणतो, "हळद-लसूण चारा, संध्याकाळपर्यंत बरा होईल." हीं दोन्ही मतें बहुधा चुकीचीं असतात, आणि पहिलें तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीनें घातकही असतें. तीं चुकीचीं कां, आणि त्यांच्या जागीं काय करावें, हें सांगणें हाच प्रस्तुत भाषणाचा हेतु आहे.

रोग ओळखण्याच्या वाटेंत पहिली अडचण स्वतः कोंबडाच उभी करतो. घरगुती कोंबड्याचा मूळ पूर्वज म्हणजे रानांतला तांबडा रानकोंबडा. रानांत जो पक्षी लंगडतो किंवा मागें पडतो, तोच शिकारी जनावराच्या तोंडीं आधीं सांपडतो. आणि कळपांत जो दुबळा दिसतो त्याला स्वजातीयही टोंचून हैराण करतात. म्हणून दुखणें लपविण्याची संवय त्याच्या हाडीमांसीं खिळलेली आहे. माणूस जवळ येतांच आजारी कोंबडाही क्षणभर मान ताठ करतो आणि दाणे टिपल्याचें सोंग आणतो. तें सोंग जेव्हां त्याला वठवितां येत नाहीं, तेव्हांच सामान्य माणसाला त्याचें दुखणें दिसतें. म्हणजे दिसेपर्यंत रोग बराच पुढें गेलेला असतो. तेव्हां ज्याला आजारी कोंबडा वेळेवर ओळखावयाचा आहे, त्यानें निरोगी कोंबडा नीट पाहून ठेवला पाहिजे. सकाळीं खुराडें उघडतांना आणि सांजेस कोंडतांना मिळून पांच मिनिटें त्यासाठीं पुरतात. मात्र पाहावयाचें तें दुरून आणि पक्ष्याला न कळूं देतां.

निरोगी कोंबड्याचा तुरा तांबडा व टवटवीत असतो, डोळा वाटोळा, स्वच्छ व पाणीदार असतो, आणि शेपटी उभारलेली असते. श्वास घेतांना त्याची चोच मिटलेली असते व आवाज होत नाहीं. त्याची विष्ठा तपकिरी व बऱ्यापैकीं घट्ट असून तिच्यावर पांढरी टोपी असते. ही टोपी म्हणजेच पक्ष्याचें मूत्र होय, कारण पक्ष्याला लघवी वेगळी होत नाहीं. मानेच्या मुळाशीं अन्न सांठविण्याची एक पिशवी असते. ती संध्याकाळीं दाण्यांनीं भरलेली आणि सकाळीं रिकामी लागावयास हवी. छातीच्या मधोमध हाडाची एक धार आहे. तिच्या दोन्ही बाजूंस मांस भरलेलें असेल तर पक्षी पोसलेला समजावा. धार सुरीसारखी हाताला लागूं लागली, तर तो पुष्कळ दिवस आंतून खंगत आहे. पिसांखालचें हें खंगणें डोळ्यांना दिसत नाहीं, हातालाच कळतें. म्हणून आठवड्यांतून एकदां, पक्षी रात्रीं दांडीवर बसल्यावर, त्याला हळूच उचलून चांचपावें. माद्यांपेक्षां नराच्या बाबतींत हें अधिक अगत्याचें आहे. कारण दाणा सांपडला कीं कोंबडा विशिष्ट आवाज काढून माद्यांना बोलावतो आणि पुष्कळदां स्वतः मागें राहतो. माद्या पोसलेल्या आणि यजमान उपाशी, असा प्रकार खुराड्यांत नवा नाहीं.

कांहीं गोष्टी रोगासारख्या दिसतात, पण त्या रोग नव्हेत. वर्षांतून एकदां कोंबडा जुनीं पिसें टाकून नवीं घेतो. त्या दिवसांत त्याचा तुरा फिका पडतो, आरवणें कमी होतें आणि स्वभाव घुमा होतो. त्याला चांगलें खाऊं घालून स्वस्थ राहूं दिलें म्हणजे पुरे. उन्हाळ्यांत तो चोच उघडून धापा टाकतो. त्याला घाम येत नसल्यामुळें अंगांतली उष्णता बाहेर टाकण्याचा तोच त्याचा मुख्य मार्ग असतो. सांवली व पाणी मिळाल्यावर धाप थांबली तर काळजीचें कारण नाहीं. सांवलींतही ती थांबली नाहीं आणि पाय लटपटूं लागले, तर मात्र तो उष्माघात समजावा; पाय व तुरा साध्या पाण्यानें भिजवून पक्ष्याला वाऱ्यावर ठेवावें, बर्फाच्या पाण्यांत बुडवूं नये. दिवसांतून कांहीं वेळां काळपट, चिकट व अधिक दुर्गंधी विष्ठा पडते. ती आंतड्याच्या बंद टोंकाच्या नळ्यांतून येते व ती स्वाभाविक आहे. तसेंच, कोंबड्याच्या अंगाची उष्णता मुळांतच सुमारें ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. हाताला अंग ऊन लागलें एवढ्यावरून त्याला ताप ठरवूं नये.

आतां त्या सकाळच्या गप्प कोंबड्याकडे वळावयास हरकत नाहीं. पहिलें काम औषध देण्याचें नव्हे. पहिलें काम त्याला इतरांपासून वेगळा करण्याचें. खुराड्यापासून दूर, कोरड्या व वाऱ्याचा झोत नसलेल्या जागीं त्याला डालग्याखालीं किंवा खोक्यांत ठेवावें. खालीं जुनें वर्तमानपत्र पसरावें, म्हणजे विष्ठेचा रंग स्पष्ट दिसतो. आजारी पक्षी पिसें फुगवतो तो ऊब राखण्यासाठीं. म्हणून पाऊस-थंडीच्या दिवसांत जवळ विजेचा दिवा लावून ऊब द्यावी, पण दिव्यापासून दूर सरण्यास जागा ठेवावी. पुष्कळ पक्षी रोगाहूनही पाण्यावांचून लवकर मरतात. औषधांच्या दुकानीं मिळणारी जलसंजीवनीची पूड पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणांत पाण्यांत मिसळून एक दिवस पुढें ठेवावी, आणि चोचीचें टोंक त्यांत बुडवून पक्ष्याला पाण्याची आठवण द्यावी. चोच उघडून घशांत पाणी ओतण्याची चाल फार वाईट. पक्ष्याच्या श्वासनलिकेचें तोंड जिभेच्या मुळाशींच असतें व पाणी सरळ छातींत उतरतें. भूक असेल तर मऊ भात, भिजविलेल्या कण्या किंवा उकडलेल्या अंड्याचा चुरा द्यावा. निरोगी पक्ष्यांचें दाणापाणी आधीं उरकावें, आजाऱ्याचें शेवटीं. आणि नंतर हात साबणानें धुवावे. एवढें झाल्यावर मग चोचीपासून पंजापर्यंत त्याला क्रमानें तपासावें.

तुरा फिकट आणि पक्षी मलूल असेल, तर आधीं रक्त पिणाऱ्या किड्यांचा संशय घ्यावा. उवा दिवसांही दिसतात; शेपटीखालीं, गुदद्वाराभोंवतीं पिसें बाजूस सारलीं कीं त्या पळूं लागतात आणि पिसांच्या मुळाशीं त्यांच्या अंड्यांचे पांढरे गुच्छ चिकटलेले आढळतात. दुसरा शत्रु अधिक लबाड आहे. तो मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा एक किडा असून दिवसां खुराड्याच्या फटींत दडतो आणि ढेकणाप्रमाणें रात्रीं बाहेर पडून रक्त पितो. दिवसां पक्षी तपासून तो सांपडत नाहीं. रात्रीं विजेरी घेऊन दांडीच्या खालची बाजू पाहावी. पांढरा कपडा दांडीखालून फिरविला असतां त्यावर रक्ताचे ठिपके उमटले, तर निदान झालेंच. येथें पक्ष्याइतकाच खुराड्यालाही उपचार हवा. जुनें गवत जाळावें, फटी कढत पाण्यानें धुवाव्या, आणि पशुवैद्यानें सांगितलेलें कीटकनाशक पक्ष्यांवर व भिंतींवर योग्य प्रमाणांत वापरावें. आठ-दहा दिवसांनीं तेंच पुन्हां करणें जरूर असतें. कारण पहिल्या खेपेस किडे मरतात, अंडीं वांचतात. अंगणांत कोरड्या मातीचा व राखेचा खळगा ठेवल्यास पक्षी स्वतःच धुळींत लोळून उवा पुष्कळ कमी करतात.

पायांवरचे खवले वर उचललेले व खडबडीत दिसले, तर तेथेंही सूक्ष्म किडेच घर करून असतात. यावर रॉकेल चोळण्याची जुनी रीत आहे. तिनें कातडी भाजते. कोमट साबणाच्या पाण्यांत पाय भिजवून, मऊ ब्रशानें घासून, कोरडे करावे आणि खोबरेल किंवा व्हॅसलीन जाड चोळावें. हें एक-दोन दिवसांआड तीन-चार आठवडे केलें पाहिजे. तळपायाला सूज व मध्यभागीं काळी खपली असेल, तर तें बहुधा उंच दांडीवरून कठीण जमिनीवर उडी मारल्याचें किंवा कांटा बोंचल्याचें फळ होय. कोंबडा अंगानें जड असल्यामुळें त्याला हा विकार अधिक होतो. आरंभीं कोमट मिठाच्या पाण्याचा शेक, आयोडीनचें मलम आणि पट्टी पुरते. सूज कठीण झाली तर ती पशुवैद्यानेंच कापावी. झुंजींतील जखमा मिठाच्या उकळून निवविलेल्या पाण्यानें धुवाव्या व माशी बसूं देऊं नये; त्या भरेपर्यंत पक्षी वेगळाच ठेवावा, कारण रक्ताचा तांबडा रंग पाहिला कीं इतर कोंबड्या तेथेंच टोंचतात.

सकाळीं अन्नाची पिशवी कठीण लागली, तर गवताचे लांब धागे किंवा दोरा आंत अडकला असें समजावें. अन्न बंद ठेवून पाणी द्यावें आणि दिवसांतून तीन-चार वेळां ती हलक्या हातानें चोळावी. ती मऊ, फुगलेली व आंबूस वासाची असेल तर आंत बुरशीनें ठाण मांडलेलें असतें, त्याला औषधच लागतें. दोन्ही प्रसंगीं पक्ष्याला उलटा धरून पिशवी पिळूं नये. बाहेर येणारा द्रव श्वासांत जाऊन पक्षी हातांतच मरतो.

तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं चामखिळीसारखे फोड येऊन त्यांच्या खपल्या झाल्या, तर त्या देवी होत. माणसाच्या देवींशीं त्यांचा संबंध नाहीं व त्या माणसाला लागत नाहींत. हा रोग मुख्यतः डांसांमुळें पसरतो. खपल्या ओरबाडूं नयेत. त्यांतच रोगाचें बीज असतें. जंतुनाशक लावून, डोळे स्वच्छ ठेवून, खाणेंपिणें सांभाळलें तर तीन-चार आठवड्यांत बहुतेक पक्षी बरे होतात. तोंडांत व घशांत पिवळट पापुद्रे धरले तर मात्र श्वास कोंडण्याची भीति असते.

सगळींच दुखणीं जंतूंचीं किंवा किड्यांचीं नसतात. शहरांतील घरांत कोंबड्याला ताटांतला उरलेला पांढरा भातच तेवढा टाकला जातो, आणि कांहीं दिवसांनीं त्याचे पाय लुळे पडतात. या विकारानें वैद्यकाच्या इतिहासांत एक मोठें पान लिहिलें आहे. १८९० नंतर बटाव्हिया येथें, म्हणजे आजच्या जाकार्तांत, क्रिस्तिआन आइकमन या डच वैद्याला असें दिसून आलें, कीं सडलेल्या पांढऱ्या तांदुळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिल्यावर त्या पुन्हां चालूं लागतात. पुढें त्या कोंड्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे ब-१ जीवनसत्त्व होय हें सिद्ध झालें, आणि आइकमन यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तात्पर्य, जोंधळा, बाजरी, कोंडा, पालेभाजी आणि थोडी पेंड यांचें मिश्रण हें कोंबड्याचें पहिलें औषध आहे.

येथवर सांगितलेल्या पुष्कळ दुखण्यांत घरच्या शुश्रूषेला वाव आहे. परंतु एक रोग असा आहे, कीं त्यापुढें सर्व शुश्रूषा व्यर्थ होते. लोक त्याला मानमोडी म्हणतात. शास्त्रीय ग्रंथांत राणीखेत असें त्याचें नांव आहे. १९२६ च्या सुमारास तो जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें आढळला, आणि १९२८ सालीं कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें त्याची नोंद झाली. कोंबडा प्रथम सुस्त होतो, चोच उघडून घरघर श्वास घेतो, हिरवट पातळ हगवण लागते. नंतर पंख व पाय लुळे पडतात आणि मान पिळल्यासारखी मागें किंवा बाजूस वळते. लस न टोंचलेल्या कळपांत या रोगाची तीव्र सांथ शेंकडा नव्वद किंवा त्याहूनही अधिक पक्षी नेते. हा विषाणूचा रोग असल्यामुळें त्यावर औषध नाहीं; हळद-लसणानें तो हटत नाहीं, आणि महागड्या गोळ्यांनींही नाहीं.

मात्र त्याला दारांतच अडविण्याचा उपाय आहे, आणि त्याच्या इतिहासाचा धागा महाराष्ट्राशींही जुळतो. जनावरांच्या रोगांचें संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं प्रथम पुण्यास स्थापन झाली व १८९३ सालीं कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें गेली. त्याच मुक्तेश्वरास १९४० नंतरच्या दशकांत राणीखेत रोगावरची लस तयार झाली, आणि ती त्या गांवाच्या नांवानें ओळखली जाते. पिलूं पांच ते सात दिवसांचें असतां सौम्य लशीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालतात. मुक्तेश्वरची लस अधिक कडक असल्यामुळें लहान पिलांना ती सोसत नाहीं. ती सहा ते आठ आठवड्यांच्या पक्ष्याला टोंचतात, व पुढील मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्यानें देतात. लस थंड ठेवावी लागते, कालविल्यावर थोड्याच वेळांत संपवावी लागते, आणि ती निरोगी पक्ष्यालाच द्यावयाची असते. एका परसांत दहा पक्षी व लशीच्या कुपींत शंभर मात्रा, हा सर्वांचाच अनुभव. म्हणून चार-पांच घरांनीं मिळून एकाच दिवशीं टोंचून घेणें हेंच सोयीचें.

दुसरा असाध्य रोग म्हणजे बर्ड फ्लू. भारतांत तो प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्यें, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथेंही तो आढळला. एकाएकीं अनेक पक्षी मरूं लागले, डोकें सुजलें, तुरा जांभळा पडला किंवा पायांच्या कातडीखालीं रक्ताचे डाग दिसले, तर पक्ष्याला हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावें. हा रोग क्वचित् माणसालाही होतो, आणि तेव्हां तो प्राणघातक ठरूं शकतो. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानें अशी वर्दी देणें मालकावर बंधनकारक केलें आहे. नुसत्या डोळ्यांनीं मानमोडी कोणती व बर्ड फ्लू कोणता हें पशुवैद्यालाही निश्चित सांगतां येत नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळेंत तपासणी लागते.

दुकानांतून स्वतःच्या मनानें प्रतिजैविकें आणून पाण्यांत कालविण्याची प्रवृत्ति वाढली आहे, तिच्याविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. विषाणूवर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाहीं. जंतूंच्या रोगावर होतो. पण कोणतें, किती दिवस, हें पशुवैद्यानें ठरवावयाचें असतें. तें पाणी माद्याही पितात, आणि औषधाचा अंश अंड्यांवाटे घरांतल्या मुलांच्या ताटांत येतो. अर्धवट मात्रेनें जंतू मरत नाहींत, ते निर्ढावतात, आणि मग माणसाच्या दुखण्यांतही तें औषध निकामी होतें. याच भीतीनें कोलिस्टिन या माणसांच्या शेवटच्या आधाराच्या औषधाचा अन्नासाठीं पाळलेल्या पशुपक्ष्यांत वापर करण्यास २०१९ सालीं सरकारनें बंदी केली.

आतां बाजाराचा प्रश्न उरतो. गप्प बसलेला कोंबडा आठवड्याच्या बाजारांत विकला, तर चार पैसे हातांत पडतात हें खरें. पण त्याच्या पिसांबरोबर, विष्ठेबरोबर आणि पिंजऱ्याबरोबर रोगही विकला जातो. तो बाजारांतून दहा गांवीं जातो. आणि कोठें तरी एखाद्या बाईच्या अंगणांतल्या बारा-पंधरा कोंबड्या, ज्यांच्या अंड्यांवर तिच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च चालतो, आठवड्याभरांत आडव्या होतात. ती कोणाला दोष देणार? तिला विकणाऱ्याचें नांवही ठाऊक नसतें. आजारी पक्षी घरीं कापून खाणें हाही सुज्ञपणा नव्हे. कापतांना त्याचें रक्त व आंतडीं हाताळणाऱ्यालाच धोका अधिक असतो. मेलेला पक्षी नाल्यांत किंवा उकिरड्यावर फेंकणें म्हणजे कुत्र्या-कावळ्यांच्या हातीं रोग देणें. तो खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावा, आणि खुराडें आधीं धुऊन मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें शुद्ध करावें. नवा आणलेला पक्षीही तीन-चार आठवडे वेगळा ठेवूनच कळपांत सोडावा.

म्हणून ज्या घरचा कोंबडा सकाळीं आरवला नाहीं, त्या घरानें त्या दिवशीं करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. त्याला वेगळा करावा, ऊब व पाणी द्यावें, नीट तपासावें, साधें कारण सांपडलें तर साधा उपाय करावा. सांपडलें नाहीं, किंवा दुसराही पक्षी मलूल दिसला, तर पशुवैद्याला बोलवावें आणि शेजाऱ्यांना त्याच दिवशीं सांगावें. शेजाऱ्याला सांगण्यांत थोडा संकोच वाटतो, आणि पुष्कळ घरें तेथेंच थांबतात. पण कोंबडें झांकून जशी पहाट थांबत नाहीं, तशी दुखणें झांकून सांथही थांबत नाहीं. वेळेवर सांगितलें, तर आळींतल्या बाकीच्या कोंबड्या मात्र वांचतात.